पपनसाच्या फुलांचा चहा

खांगने कॅमेरा पाठीवर सरकवला आणि पपनसाच्या बुंध्याला बांधलेली पांढरी पट्टी सोडायला हात घातला. दवाने गाठ घट्ट झाली होती. तो तिच्यात नख घालत होता, तेवढ्यात मागून केरसुणीचा दांडा त्याच्या मनगटावर बसला.

"हात काढ."

लुआ आत्या केव्हा येऊन उभी राहिली होती, ते शेजारीच उभ्या असलेल्या तिच्या भाचीला, सुओंगलाही कळले नव्हते.

"आत्या, एकाच झाडाची सोडतोय. फोटोपुरती. लगेच बांधतो परत," खांग मनगट चोळत म्हणाला. "वेबसाइट उघडली की लोकांना पहिल्यांदा बाग दिसणार. असं सुतक दिसलं तर चहा कोण मागवेल?"

"मालक गेला तर झाडांनी सुतक पाळायचं नाही? पट्टी सुटलेलं झाड वाळलं म्हणजे तू येणारेस का इथे फळं लटकवायला?"

"राहू दे पट्ट्या," सुओंग म्हणाली. "खरं तेच दाखवायचं, असं तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. तोंडाला कुलूप घालून घ्यायला हवं होतं." पण त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

बहर चढणीला होता. हुओंग नदीवरचे धुके सकाळी बागेत शिरायचे आणि उन्हाला न जुमानता रेंगाळत राहायचे. अशा वेळी फुले दिसत नसत, नुसता वास असे. कधी तो कमरेइतका खाली वाहायचा, कधी डोक्यावरून जायचा. सुओंगला त्यात चालताना स्वतःची पावले ऐकू येत नसत. तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाआधीच्या थंडीत बाबा गेले, तेव्हापासून तिला सगळेच असे ऐकू येत होते, जणू ती पाण्याखाली होती आणि बाकीचे काठावर बोलत होते. सगळ्या झाडांना पट्ट्या तिनेच बांधल्या होत्या. प्रत्येक बुंध्यावर टकटक करून मालक गेल्याचे सांगायचे असते, ते मात्र आत्याने सांगितले. सुओंगच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

ती दा नांगच्या एका ग्रंथालयात काम करायची. दोन आठवड्यांची रजा काढून ती आली होती ती एवढ्याचसाठी. कपाटात बाबांच्या हातचे, गेल्या वसंतातल्या चहाचे अडतीस डबे उरले होते. ह्युए शहरात आणि दूर सायगावात त्यांची जुनी गिऱ्हाईके होती. त्यांच्यासाठी एक नीटनेटके पान करायचे, डबे पोचवायचे आणि निरोप घ्यायचा. बाग आत्या बघेल. फळे विकली जातील. चहा मात्र संपेल. खांग शहरातल्या लहान दुकानदारांच्या वेबसाइट करून द्यायचा, बेकरीवाल्यांच्या, टोप्या विणणाऱ्या बायकांच्या. विकतचे फोटो वापरायचे नाहीत आणि गोष्ट रचायची नाही, असा त्याचा नेम होता. एका नूडलवाल्याने 'दोनशे वर्षांची परंपरा' लिहायला सांगितले, तेव्हा दुकान अकरा वर्षांचे आहे म्हणून याने काम सोडले होते. ते कळल्यावर सुओंगने त्याला फोन केला होता.

उन्हे वर आल्यावर ते ओसरीवर बसले. आत्या पायरीवर परात घेऊन नदीतल्या बारीक शिंपल्या धूत होती. खांगने लॅपटॉप सुओंगकडे वळवला. धुक्यातली बाग, बुंध्यावरच्या पट्ट्या, खाली तिने चार रात्री खपून लिहिलेला मजकूर. त्याने तो मोठ्याने वाचला.

"'हा चहा माझ्या वडिलांच्या नाकाने ठरत असे. चहाच्या पत्तीवर फुलांचा थर, फुलांवर पत्तीचा, हे कुणालाही जमेल. पण फुले कधी बाजूला काढायची ते त्यांनाच कळे. घटकाभर आधी काढली तर चहा मुका राहतो, घटकाभर उशिरा काढली तर कडू होतो. ते गेले, आणि त्यांच्याबरोबर हा चहाही थांबला.'"

शिंपल्यांचा खळखळाट क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"सुंदर आहे," खांग म्हणाला. "पण ताई, यात वास कुठेय? लोकांना पडद्यातून वास येत नाही. तो शब्दांनीच द्यावा लागेल. काका कसं वर्णन करायचे त्याचं?"

"बाबा? ते कशाचंच वर्णन करत नसत."

"काहीतरी म्हणत असतील की."

सुओंगने गुडघ्यांभोवती हात गुंफले. "थर लावलेल्या रांजणाचं झाकण काढायचे, त्यावर वाकायचे, डोळे मिटून मोठा श्वास घ्यायचे. मग मला म्हणायचे, ये, बघ काय म्हणतोय."

"मग?"

"मी काहीबाही सांगायची. पुस्तकं वाचून डोक्यात भुसा भरलेला. एकदा म्हटलं, शेजारच्या घरात कुणी नवं पुस्तक उघडलंय. ते म्हणाले, शेजारच्या घरात? म्हणजे अजून लांब आहे. झाकण लाव."

खांग हसला. त्याने ते लिहून घेतले.

"एकदा म्हटलं, आंघोळ करून आलेली बाई अंगणातून गेली, पण आता वळून बघतेय. बाबा ताडकन उठले आणि चाळण आणायला धावले. वळून बघायला लागली म्हणजे उशीर झाला, म्हणाले." तिचा आवाज जरा मऊ झाला. "त्यांना आधीच कळलेलं असायचं. मला नुसतं खेळवायचे. म्हातारपणी सोबत हवी होती त्यांना. पूर्वी कधी बहराला ये म्हणून मागे लागत नसत. ही शेवटची चार वर्षं मात्र... तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला नाही आलीस तरी चालेल, फुलांना ये, म्हणायचे. ग्रंथालयात साहेबांना काय सांगायचं, झाडं फुललीत? तरी यायची दर वर्षी."

"खेळवत नव्हता," आत्या म्हणाली.

तिने परातीतले पाणी पायरीखाली ओतले आणि दुसरे घेतले.

"तुला बोलवायला लागला, त्याच्या आदल्या वर्षी त्याला ताप आला होता, आठवतो? तीन आठवडे उतरेना. उतरला तेव्हा नाक घेऊन गेला. पार. उन्हाळ्यात माझी कोळंबीची बरणी नासली, घरभर घाण. पलीकडचा हुंग भांडायला आला, आणि हा त्या बरणीला टेकून भात खात बसलेला. हुंगला म्हणतो, या, जेवायला बसा."

खांगला हसू आले आणि ते त्याने गिळले.

सुओंग आत्याकडे बघत होती. "काही वास येत नव्हता?"

"धुराचा येत नव्हता, फुलांचा कुठून येणार? दोन वर्षं डॉक्टर केले. मग सोडून दिलं."

"मग तो मोठा श्वास?"

"घ्यायचा आपला. सवय."

धुके आता पुरते गेले होते. बागेवर ऊन पडले होते आणि त्या उन्हात कशालाच आवाज नव्हता. सुओंगला रांजणावर वाकलेले बाबा दिसले. मिटलेले डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, चेहऱ्यावर ते समाधान. मग ते सरकून तिला जागा करून देतात आणि झाकण हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहतात. तिने तेव्हा मान वर करून त्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते. शब्द शोधण्यात गुंग असायची.

"मला का नाही सांगितलं?"

"मी सांगणार होते. त्यानेच बजावलं." आत्याने एक फुटकी शिंपली निवडून बाजूला टाकली. "म्हणाला, तिला कळलं तर ती जपून सांगायला लागेल. दहादा विचार करेल, बाप काय म्हणेल म्हणून. मला तिचा विचार नकोय, नाक हवंय."

खांगने लॅपटॉप हळूच स्वतःकडे ओढून घेतला. पडद्यावरची ओळ तिला दिसू नये, असे त्याला वाटले असावे.

"ताई, हे आज चढवायचं होतं. थांबू?"

"ते शेवटचं वाक्य काढ."

"चहा थांबला ते?"

"हं. पहिलंही काढ."

"मग उरलं काय?" तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. "म्हणजे, काय लिहू त्या जागी?"

"मला अजून माहीत नाही. खोटं नको, एवढंच."

ती उठली आणि पायऱ्या उतरून बागेत गेली. पहिल्याच झाडाखाली उभी राहिली. वरच्या फांदीवर काही कळ्या अजून मिटलेल्या होत्या, काहींच्या पाकळ्या नुकत्या सुटत होत्या. एक कळी तिने खाली ओढून घेतली आणि तिच्यावर वाकली. ओसरीवरून खांगला तिची पाठ तेवढी दिसत होती. त्याने कॅमेऱ्याकडे हात नेला आणि मग तो तसाच मांडीवर ठेवला.

परत आली तेव्हा तिच्या केसांत पिवळे पराग अडकले होते.

"आत्या, हा बहर किती दिवस टिकेल?"

"वारा नाही सुटला तर आठवडाभर. कशाला?"

"पत्ती डोंगरातून कोण आणून द्यायचं?"

"ती थोआ. नंबर चुलीच्या भिंतीवर आहे, तुझ्या बापाने कोळशाने लिहिलाय. भिंत रंगवू देत नव्हता त्यापायी."

सुओंग आत गेली. भिंतीसमोर उभी राहून तिने एकेक आकडा नीट वाचला आणि फोन लावला. पलीकडे खूप वेळ घंटा वाजली, मग कोंबड्यांचा कलकलाट आणि एका बाईचा धापा टाकणारा आवाज आला. सुओंगने नाव सांगितले, मग बाबांचे सांगितले. मग ती बाई हलकेच म्हणाली, "कळलं होतं मला. पत्ती बाजूला काढून ठेवलीय, पण विचारू कुणाला? नेहमीइतकीच पाठवू?"

"नको, निम्मीच पाठवा," सुओंग म्हणाली. "पहिलंच वर्ष आहे माझं."

"पाचवं," ओसरीवरून आत्या म्हणाली, शिंपल्यांवरून नजर न उचलता.