परवान्याची चौकशी

हिलाल महाजनांनी रिव्हॉल्व्हरचा घोडा अंगठ्याने ओढला, चक्र फिरवून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली आणि घोडा हळूच खाली सोडला. वडिलांच्या वेळचं हत्यार. दर गोळीला घोडा हाताने ओढावा लागे. आज ते ठाण्यात कायमचं जमा करायचं ठरलं होतं. ज्याला द्यायचं तो एकुलता एक स्वप्नीलच चार महिन्यांपूर्वी सावद्याच्या रस्त्यावर अपघातात गेला. मग ठेवायचं तरी कुणासाठी? "ते लोखंड घरातून काढा एकदाचं," असा धोशा त्यांच्या बायकोने, बेबाबाईंनी, लावला होता. चार महिन्यांत तेवढं एकच वाक्य त्या बोलत होत्या.

तेल पुसून ते हत्यार फडक्यात गुंडाळत होते, तोच ओट्याशी एक हवालदार येऊन उभा राहिला. धुळ्याहून नुकताच बदलून आलेला. गावात कुणाला ओळखत नव्हता.

"स्वप्नील हिलाल महाजन इथंच राहतात ना? परवान्याच्या चौकशीला आलोय."

हिलालभाऊ बघतच राहिले. आपला परवाना मुलाच्या नावे करा, म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वी अर्ज टाकला होता. कचेरीत खेपा घालून चपला झिजल्या, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आणि आता आले हे! रडावं की हसावं, त्यांना कळेना.

"बसा साहेब," ते कसेबसे म्हणाले. "सांगायचं असं की..."

"आधी एवढे प्रश्न होऊ द्या, आबा." हवालदाराने फाईल उघडली. "मुलगा वागायला कसा आहे?"

"गरीब गाय आहे."

उत्तर दारातून आलं. पाण्याचा तांब्या घेऊन बेबाबाई तिथं उभ्या होत्या.

"काही व्यसन?"

"सुपारीचं खांड खात नाही."

"कुणाशी भांडण, वैर?"

"त्याचं? अहो, शेजारी आमचं पाणी आपल्या केळीकडे वळवून घेतो, तरी हा हसतोच. भांडते ती मी!"

"हत्यार चालवता येतं?"

"जळगावहून नेमबाजीचं पदक आणलंय त्यानं. दाखवू का?"

हिलालभाऊ बायकोच्या तोंडाकडे पाहत होते. तेरावं झाल्यापासून तिच्यासमोर पोराचं नाव काढायची कुणाची छाती होत नव्हती. ती पाणवठ्यावर गेली की बायका विषय बदलत. ते स्वतःसुद्धा बदलत.

"त्यांची सही लागेल. कुठे आहेत?"

आता सांगितलंच पाहिजे होतं. हिलालभाऊंनी घसा खाकरला.

"वावरात गेला," बेबाबाई म्हणाल्या. "केळीची कापणी चालू आहे नं."

"मग उद्या ठाण्यात पाठवा त्यांना," म्हणत हवालदाराने फाईल मिटली. तो पाणी प्यायला आणि निघून गेला.

हिलालभाऊंना रागही आला आणि भडभडूनही आलं.

"अगं, काय केलंस हे? उद्या काय सांगायचं?"

"उद्या मी येते ठाण्यात. हात जोडून सांगते बठ्ठं, सगळं खरं खरं." त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "पण इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याला विचारत घरी आलं होतं हो. नाही कसं म्हणू?"