चढावरची जीप

“मिस्त्री, हा पंखा काढला तर मग बेल्टाला काम काय राहिलं?” हनुमान बोनेटखाली मान घालून विचारत होता.

“पाण्याचा पंप फिरवायचाय, डायनॅमो फिरवायचाय. त्याला काय कमी कामं हायेत का?” सटवाने शेवटचा बोल्ट काढला, लोखंडी पंखा दोन्ही हातांनी बाहेर ओढला आणि मातीत टाकला. त्याचं एक पातं मुळापाशी चिरलं होतं. “ह्ये बघ. आजून आठ दिवस चालवला असता तर पातं तुटून रेडिएटरात घुसलं असतं.”

चौसाळ्याच्या बाहेर, हायवेच्या कडेला सटवाचं पत्र्याचं गॅरेज होतं. बाप जन्मभर मेंढरांमागे हिंडला. सटवा मात्र सोळाव्या वर्षी काठी टाकून एका ट्रकवाल्याच्या हाताखाली गेला तो कायमचाच. आता पन्नाशी उलटली होती. बेल्टवर फिरणारा पंखा काढून विजेवरचा बसवण्यात त्याचा हात चांगला बसला होता. भंगारात निघालेल्या लहान गाड्यांचे पंखे तो आणायचा, साफ करायचा, पट्ट्या ठोकून जुन्या जीपच्या रेडिएटरला बसवायचा. इंजिन तापलं की पंखा आपोआप चालू, निवलं की बंद. सटवाने केलेलं काम परत गॅरेजात येत नाही, असं आसपासच्या गावांत बोललं जायचं. सटवाच्याही कानावर ते आलेलं होतं.

हनुमानची जीप डोंगराच्या कुशीतल्या वस्तीवरून माणसं ने-आण करायची. वस्तीतून रस्त्याला लागायचं तर दोन किलोमीटरचा खडा चढ. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत कण्हत वर यायची आणि वर येईतो इंजिन भट्टीसारखं तापायचं. म्हणून हे काम.

दुपारपर्यंत नवा पंखा बसला, वायरी ओढून झाल्या. राहिला तो रिले. आगपेटीएवढी डबी ती, पण पंख्याचा सगळा करंट तिने अंगावर घ्यायचा असतो. रेडिएटरवरच्या गरमीच्या स्विचने नुसता इशारा द्यायचा. सटवाने खण उघडला. एकच रिले शिल्लक होता आणि तो लावून पाहिला तर जळका निघाला. बीडहून नवा आणायचा म्हणजे सोमवार उजाडणार. बाहेर जीपमध्ये वस्तीची चार माणसं आधीच येऊन बसली होती.

सटवाने वायर सरळ स्विचमधूनच जोडली. एवढा करंट तो इवलासा स्विच फार दिवस सोसणार नाही, हे त्याला कळत होतं. चार-सहा दिवस निभावतील, असा त्याने मनाशी हिशेब केला.

इंजिन तापलं आणि पंखा एकदम घरघरत सुरू झाला. हनुमानने समोर हात धरला. “वारा लई हाय हो ह्याला.” मागे बसलेला एक म्हातारा म्हणाला, “सटवा मिस्त्रीचं काम हाय ते. बघायचं काम न्हाई.”

सटवा हात पुसत म्हणाला, “सोमवारी एक चक्कर मार इकडं.”

“कावून? काय राहिलंय का?”

मागची चारही माणसं ऐकत होती. अर्धं काम करून गाडी सोडली, असं म्हणायची सटवावर आजवर कधी वेळ आली नव्हती.

“राहिलं काय न्हाई,” तो म्हणाला. “सहज.”

सोमवारी तो बीडला जाऊन रिले घेऊन आला. हनुमान आला नाही. काही राहिलंच नाही म्हटल्यावर तो कशाला धंदा बुडवून येईल? फोन करावा असं सटवाच्या मनात आलं. पण फोन केला तर कारण सांगावं लागणार होतं. येईल उद्या-परवा, म्हणत त्याने रिलेची पुडी खणात टाकली.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास हनुमान एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून आला. अंगावरचा सदरा चिखलमातीने भरलेला.

“मिस्त्री, चला. जीप चढावर बंद पडलीय.”

“पंचर झाली का?”

“म्हाळूची बायको गेली,” हनुमान म्हणाला आणि तिथेच खाली बसला.

म्हाळू सटवाच्या भावकीतला, वस्तीवर मेंढरं राखणारा. त्याची बायको ताराबाई दुपारी मेंढरांसाठी गंजीतून कडबा उपसत होती. कडब्यातला नाग तिच्या हाताला डसला. पान लागलं म्हणून ओरडा झाला तसा हनुमानने भरल्या ताटावरून उठून जीप काढली होती. वस्तीत तेवढी एकच गाडी. निम्म्या चढावर बोनेटमधून वाफेचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलं. पंखा फिरतच नव्हता. पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतून पाहिला, ते पाणी तसंच उकळून बाहेर आलं. फोनला रेंज नाही. शेवटी म्हाळूने बायकोला पाठीवर घेतलं आणि राहिलेला चढ चालून काढला. वर रस्त्याला एक टेम्पो मिळाला. दवाखान्याच्या दारात उतरवलं तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता.

“अर्ध्या वाटेपर्यंत बोलत होती,” हनुमान म्हणाला. “म्हाळूला म्हणत होती, मला खाली ठेव, तुला दम लागलाय.”

सटवाने हत्यारांची पेटी उचलली.

चढावर जीप तिरकी उभी होती, चाकांना दगड लावलेले. रेडिएटरचं टोपण रस्त्यावर पडलं होतं. वस्तीतले तीन-चार बाप्ये बाजूला बसलेले होते. सटवाने बोनेटमध्ये डोकं घातलं आणि पहिल्याच नजरेत त्याला दिसलं ते. गरमीच्या स्विचचं टोक वितळून काळ्या मेणासारखं ओघळलं होतं.

“काय झालंय, मिस्त्री?” मागून हनुमानने विचारलं.

सटवाची पाठ सगळ्यांकडे होती. त्याने वितळलेलं टोक उपटून खिशात घातलं. मग पकडीने वायरीचं वरचं रबर चार ठिकाणी कुरतडलं. हात अजिबात कापले नाहीत, याचं त्याला पुढे कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

“उंदरानं वायर खाल्लीय,” तो म्हणाला.

बसलेल्यांपैकी एकाने वाकून पाहिलं आणि मान हलवली. सटवाने वायर थेट बॅटरीला लावली. पंखा त्या क्षणी भरभरून फिरायला लागला. इतका चांगला फिरत होता की सटवाला तो बघवेना.

त्या संध्याकाळी त्याने जीप गॅरेजात आणून रिले बसवला, नवा स्विच बसवला, सगळी जोडणी जशी व्हायला हवी होती तशी केली. घरी गेल्यावर बायको, साखराबाई म्हणाली, “तोंड धुवा, आन् चला. म्हाळूकडं जायाला पायजे.” तो गेला. माती झाली तेव्हा तो भावकीच्या रांगेत उभा होता. म्हाळूच्या आईने, छबुबाईने, त्याच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला. तोही रडला. ते रडणं खोटं नव्हतं, पण त्यावर आपला काही हक्क नाही असं त्याला वाटत होतं.

पंधरा-वीस दिवस गेले. हनुमान पुन्हा गॅरेजात आला तेव्हा जीप रिकामी होती. दाढी वाढली होती.

“मिस्त्री, हिला एखादं गिऱ्हाईक असलं तर बघा.”

“विकतो कावून? चांगली चालू लागलीय की.”

“कुणी बसंना तिच्यात. त्वांडावर कुणी बोलत न्हाई. पर बाया चढ चालून जातेत, माझ्या गाडीत बसत न्हाईत.” त्याने बोनेटवरची धूळ हाताने पुसली. “खरंय त्यांचं. रोज सकाळी बोनेट उघडून बघायला पायजे होतं मी. माझ्या गाडीत उंदीर शिरतो आन् मला पत्ता न्हाई. झोपलो की त्या चढावरच असतो मी. पंखा बंद का हाय, ते हुडकत असतो.”

सटवा एका ट्रॅक्टरचा पंप खोलत बसला होता. पाना खाली ठेवायला त्याला बराच वेळ लागला.

“उंदीर नव्हता,” तो म्हणाला.

हनुमानने वर पाहिलं.

“रिले नव्हता त्या दिशी माझ्याकडं. मी तसंच जोडून दिलं. स्विच जळला. वायर मी कुरतडली, पकडीनं. तू इचारलं होतं मला, काय राहिलंय का म्हणून.”

हायवेवरून एकामागून एक दोन ट्रक गेले. हनुमान त्याच्या अंगावर धावून येईल, शिव्या देईल, निदान काही फेकून मारील, असं सटवाला वाटलं होतं. तयारीच ठेवली होती त्याने. हनुमान मात्र जीपच्या मडगार्डला टेकून उभा राहिला.

“सोमवारी ये म्हणला होता तुमी,” तो शेवटी म्हणाला. “नुसतं येवडंच म्हणला असता ना, की काम राहिलंय. मी पायी आलो असतो.”

“व्हय.”

“मला सांगून काय व्हायचं मिस्त्री? म्हाळूला सांगा.” तो जीपमध्ये बसला, आणि गाडी चालू करण्याआधी म्हणाला, “मी न्हाई सांगणार कुणाला. तुमीच सांगा.”

दुसऱ्या दिवशी दिवस कलायच्या आत सटवा मोटारसायकलवरून तो चढ उतरला. वस्तीच्या कडेला म्हाळूचं खोपट, त्यापुढे जाळी लावून केलेला मेंढरांचा वाडा. छबुबाई चुलीपाशी होती. तिने त्याला ओळखून पोतं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. “म्हाळू वाड्यात हाय बाबा. चा टाकते.”

“नको काकू.”

“आसं कसं. एवढ्या उन्हाचा आलास.”

म्हाळू वाड्यात एका मेंढीशी झटत होता. मेंढी नुकती व्यायलेली, पण कोकराला अंगाला लावू देईना. सटवा जाळीच्या बाहेर उभा राहिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. रिलेची डबी, मागे बसलेली चार माणसं, खिशात घातलेलं वितळलेलं टोक. “चुकलो” हा शब्द त्याने वाटेत दहा वेळा म्हणून पाहिला होता, आता तो तोंडातून निघेना. शेवटी तेवढा शब्द राहूनच गेला.

म्हाळू मेंढीच्या मानेवर हात ठेवून ऐकत होता. पस्तिशीचा गडी, पण पाठीतून वाकल्यासारखा दिसत होता.

“आई,” तो आवाज न चढवता म्हणाला, “तू आत जा थोडी.”

छबुबाई चहाचं भांडं उतरवून आत गेली. तिने किती ऐकलं होतं, कोण जाणे.

“तात्या, तुमी ह्ये कशाला सांगितलं?” म्हाळूने विचारलं.

सटवाने जाळीची दोरी मुठीत धरली.

“उंदीर होता तवर बरं चाललं होतं माझं. नाग म्हणलं, उंदीर म्हणलं, आपलं नशीब म्हणलं. जनावरावर काय राग धरायचा? आता तुमी झालात.” त्याने मेंढीची लोकर मुठीत आवळली. “भावकीतले तुमी. लग्नात दिसणार, मयतीला दिसणार. दर बारीला मला वाटणार, ह्यानं एक शबूद बोलायला पायजे होता. तुमचं वझं हलकं झालं असंल. मी कुठं टाकू ह्ये? आईला सांगू?”

“पोलिसात जा म्हणलास तर जातो मी.”

“तिथं जाऊन ती येती का?”

हनुमानच्या गाडीत आता कुणी बसत नाही, तर नडलं ते आपलं काम, हे तरी चारचौघांत सांगतो, असं सटवा कसंबसं म्हणाला. म्हाळूने मान हलवली. “ते सांगा. हनुमानचं काय चुकलं त्यात? ते मातूर उद्याच सांगा.”

“सांगतो.”

“समद्यांसमोर.”

“समद्यांसमोर.”

मेंढीने उसळी मारली. कोकरू दोन पायांवर कोलमडलं आणि पुन्हा उठून तिच्या पोटाखाली तोंड घालायला लागलं. मेंढीने त्याला लाथ मारून बाजूला केलं. म्हाळूने एका हाताने तिची मान आवळली आणि दुसऱ्या हाताने कोकरू ओढलं, पण मागून मेंढी फिरली आणि सगळं सुटलं. त्याने पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. हे काम एकट्याचं नव्हे. एकाने मेंढी धरायची, दुसऱ्याने कोकराच्या तोंडात आचळ द्यायचं.

तिसऱ्यांदा सुटल्यावर म्हाळू तसाच गुडघ्यांवर बसून राहिला.

“ती धरायची,” तो मेंढीकडे बघत म्हणाला. “दोन दिवस झाले, धड पाजता येईना. मरंल हे.”

जाळीचा बांध सोडून सटवा आत गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. लहानपणी बापाजवळ शिकलेलं होतं ते त्याने केलं. मेंढीच्या मागच्या पायांत गुडघा घातला, एका हाताने तिची हनुवटी वर उचलली, दुसरा हात पोटाखालून घेऊन तिला स्वतःच्या अंगाशी दाबून धरली. मेंढी थरथरली, आणि मग उभी राहिली.

म्हाळूने एकदा त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांमध्ये मुरलेलं काळं तेल होतं. “निघा,” एवढंच तो म्हणेल असं सटवाला वाटलं.

“वर धरा जरा,” म्हाळू म्हणाला. “तिला पाय हलवू देऊ नका.”

त्याने कोकराच्या तोंडात आचळ दिलं. कोकरू आधी नुसतं चघळत राहिलं, मग त्याची शेपटी हलायला लागली. छबुबाईने चहाचे दोन कप आणून जाळीपाशी जमिनीवर ठेवले आणि परत गेली. चहावर साय धरली तरी दोघांपैकी कुणाचाच हात मोकळा नव्हता.