ताणलेले आकुसो

लोसाकाकींनी बॅनरची गुंडाळी तेलेसियाच्या छपाईच्या दुकानातल्या टेबलावर आपटली. "उघड," त्या म्हणाल्या.

तेलेसियाने उघडली. काकींचे यजमान, चर्चच्या गाणाऱ्यांचे म्होरके आकुसो, नुकतेच वारले होते. त्यांचा हा बॅनर तिनेच लॅपटॉपवर तयार केला होता. छापून पोचवला होता तिचा धाकटा भाऊ फेरेती याने. भरल्या गालांचे आकुसो बॅनरवर महिनाभर उपाशी ठेवल्यासारखे दिसत होते.

"साऱ्या गावाला वाटेल, मी नवऱ्याला जेवू घालत नव्हते."

"काकी, स्क्रीनवर तर बरोबर होते..."

"स्क्रीनचं मला सांगू नकोस. संध्याकाळच्या प्रार्थनेला माझा माणूस जसा होता तसा हवा." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

तेलेसियाचे कान तापले. सवाईई बेटावर सासरी जाऊन आल्यापासून लॅपटॉपला जोडलेल्या मोठ्या मॉनिटरवर अक्षरं फुगलेली, पुसट दिसत होती. तेव्हाच तिने केबल काढून पुन्हा लावली, दुसरी लावून पाहिली, मॉनिटरची सगळी बटणं दाबली, लॅपटॉप बंद करून सुरू केला होता. फेरेतीलाही विचारलं होतं. "मी हातही लावला नाही, ताई. मॉनिटर म्हातारा झालाय," तो म्हणाला होता. मग आकुसोंचा फोटो फार रुंद वाटला, तेव्हा मोबाइलवर काढताना ताणला गेला असेल असं समजून तिने तो दोन्ही बाजूंनी दाबला होता.

आता तिने स्क्रीनवर एक चौरस काढला आणि पट्टी लावली. चौरस आडवा लांब भरला. मॉनिटर म्हातारा होऊन असं होत नाही. तिने सेटिंग उघडली. रिझोल्यूशन जुन्या पद्धतीच्या, कमी रुंद मॉनिटरचं लावलेलं होतं. तेच चित्र या रुंद मॉनिटरवर ओढूनताणून बसवलं जात होतं.

"फेरेती, इकडे ये."

तो पंख्याखालून उठून आला.

"हे कोणी केलं?"

"अक्षरं बारीक दिसत होती गं. मोठी करून घेतली."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तू ओरडशील म्हणून."

"अजून ओरडलेच नाहीये मी." तिचा आवाज इतका खाली आला की तो मागे सरकला. "बॅनर गुंडाळलास तू. चेहरा दिसला नाही तुला?"

"दिसला. वाटलं, आजारपणात वाळले असतील."

तेलेसियाने पट्टी टेबलावर इतक्या जोरात ठेवली की पट्टीचा कोपरा तुटून उडाला. मग तिने या मॉनिटरसाठी शिफारस केलेलं रिझोल्यूशन निवडलं. अक्षरं रेखीव झाली, चौरस चौरस झाला आणि तिने दाबलेले आकुसो स्क्रीनवरही वाळकेच दिसू लागले. तिने मूळ फोटो नव्याने लावला. या वेळी छपाईच्या यंत्रापाशी ती स्वतः उभी राहिली.

चर्चमध्ये बॅनर फेरेतीने टांगला. खाली उतरून त्याने लोसाकाकींसमोर मान खाली घातली. "चूक माझी आहे, काकी. ताईशीही खोटं बोललो."

काकींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी बॅनरवरच्या गालावर तळवा टेकवला आणि तिथेच रडायला लागल्या.

परतताना गाडीत फेरेतीने दोनदा बोलायचा प्रयत्न केला.

"आज नको," तेलेसिया म्हणाली. "आज तुझा आवाजही नको."

ती समोर बघत गाडी चालवत राहिली.