डावीकडची तुटक रेघ

डोंगरांचे नकाशे काढणाऱ्यांना एक खोड असते. प्रत्येक नकाशात आम्ही एक थाप मारून ठेवतो. नसलेलं तळं, नसलेलं घर. कुणी नकाशा चोरला की थापही त्याच्याबरोबर जाते आणि चोर रंगेहाथ सापडतो. वीस वर्षं मी हेच केलं. पण मोबाईलवर नकाशे देणारी ती कंपनी बारा गावचं पाणी प्यायलेली. पायपीट माझी, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. वर माझी तळी आणि घरं उपग्रहाच्या फोटोशी ताडून पुसूनही टाकायची.

मग माझं डोकं फिरलं. मोठ्या डोंगराच्या नकाशात मी खिंडीपासून डावीकडे, दाट झाडीतून एक तुटक रेघ ओढली. झाडीखालची पायवाट आकाशातून दिसत नाही, तेव्हा ताडणार कशाशी? खरं तर तिथे वाटच नाही. झाडी संपते तिथे डोंगरही संपतो, खाली सरळ कडा आहे. छापील नकाशाची मला काळजी नव्हती. तो एकाच दुकानात मिळतो, आणि दुकानदार ती रेघ लाल पेनाने खोडल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात नकाशा देत नाही.

दोन महिन्यांत ती रेघ कंपनीच्या ॲपवर जशीच्या तशी उगवली. खोडलेली नव्हे, नुसती रेघ. मी हर्षाने वेडा व्हायचा बाकी होतो.

"चोर मुठीत आलाय," वकीलबाई म्हणाल्या. "दावा दाखल होईपर्यंत हूं की चूं करू नका. कुणकुण लागली तर मिनिटात पुसतील, मग बसा हात चोळत."

तीन आठवडे मी तोंडाला कुलूप लावलं. कोणी त्या वाटेने गेलं तर, हा विचार मला आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याला दाराबाहेर काढलं.

रविवारी दुपारी चारला धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, ऑफिसातल्या चौघींना घेऊन मोठ्या डोंगरावर आलेय. धुकं उतरलंय रे. एकीचा पाय मुरगळलाय. आम्ही खिंडीत आहोत, मोबाईल डावीकडून जवळची वाट दाखवतोय. ती बरी आहे ना?"

"मी दिलेला नकाशा कुठाय?"

"घरी. मोबाईल असताना तो भलामोठा कागद कोण वागवणार?"

"डावीकडे पाऊल टाकू नकोस. ती वाट खोटी आहे. मीच काढलीये. पुढे कडा आहे."

"खोटी कशी? चांगली मळलेली आहे. गवत तुडवलंय. दादा, दोघी पुढे गेल्यात."

"हाका मार."

तिने हाका मारल्या. पहिलीची ओ लगेच आली. दुसरीची येईना. मी भिंतीला धरून उभा होतो, आणि इतका भ्यालो होतो की मला माझ्या घरातली भिंतसुद्धा पुढे सरकल्यासारखी वाटली. बहीण ओरडत राहिली. मग कुठूनतरी एक बारीक, वैतागलेली ओ आली.

"आल्या दोघी," बहीण म्हणाली. ती रडत होती. "आल्या वाटेने परत जातो."

फोन ठेवला. मी त्या डावीकडे कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मग गवत कुणी तुडवलं?

ॲप उघडलं. त्या वाटेने सतरा जण गेल्याची नोंद होती. एकाने लिहिलं होतं, 'वाट मध्येच संपते, आम्ही मागे फिरलो.' बाकीच्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

मी वकीलबाईंना विचारलं नाही. सरळ कंपनीला फोन लावला.

"ती वाट आत्ताच्या आत्ता पुसा. तिथे कडा आहे. आणि आधी गेलेल्यांचा शोध घ्या."

"नोंदवून घेते सर," पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली. "ही वाट मुळात कुणी काढली, माहितीय का आपल्याला?"

कोर्टात छाती पुढे काढून द्यायच्या नेमक्या ह्याच उत्तराची मी तीन आठवडे तालीम करत होतो.

"मी," मी म्हणालो, पण आवाजच फुटला नाही, आणि तिने पुन्हा विचारलं.