दाणा नसलेली वाटी

मी तापट आहे, हे आमच्या प्रयोगशाळेत उंदरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे सकाळी सकाळी शंकासुराने तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या धाडसाचं मला कौतुकच वाटलं. शंकासुर म्हणजे माझा सहकारी. साखर चाखूनही ती गोडच कशावरून, असं विचारणारा.

“नॉरअ‍ॅड्रेनलिन दिल्यावर तुझ्या उंदरांचं नाक तल्लख होतं ना?” तो म्हणाला. “मग ते वाळूत पुरलेला दाणाच हुंगत असतील.”

माझं धाबं दणाणलं. वाळूच्या दोन वाट्या, दोन जवळजवळ सारखे वास, आणि सूर्यफुलाचा दाणा नेहमी एकाच वासाखाली. ज्यांच्या मेंदूत ते रसायन सोडलं ते उंदीर अचूक वाटी उकरायचे. नुसतं मिठाचं पाणी दिलेले चुकायचे. रसायनामुळे जुळे वास वेगळे ओळखता येतात, असं मी दोन वर्षं छातीठोकपणे सांगत होते. ते दाणाच हुंगत असतील, तर सगळं मुसळ केरात.

“इतके दिवस हे सुचलं नाही तुला?” मी खेकसले.

“सुचलं होतं. तुझी भीती वाटायची.”

मग आज दोन्ही वाट्यांत दाणाच ठेवला नाही. कोणाला औषध, कोणाला पाणी, हे फक्त त्याला माहीत. मी काचेला नाक लावून बसले. पहिल्या उंदराने इकडे हुंगलं, तिकडे हुंगलं आणि तो चुकीची वाटी उकरू लागला. दुसरा थेट बरोबर वाटीवर. तिसराही. शेवटचा तर बाण सुटावा तसा गेला.

“आता सांग,” मी म्हणाले.

“थेट गेलेले सगळे औषधवाले,” शंकासुर म्हणाला, “आणि चुकलेले सगळे पाणीवाले.” त्याचा आवाज चक्क कापत होता. मी त्याला असं गदागदा हलवलं की त्याचा चष्माच पडला. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

शेवटचा उंदीर मात्र अजून उकरतच होता. वाटीचा तळ लागला, वाळू चहूकडे उडाली, तरी थांबेना. दाणा इथेच आहे, याची त्याला पक्की खात्री होती आणि ती मीच त्याला दिली होती. माझं हसू विरलं.

“दाणे कुठे ठेवलेस?”

“वास नको म्हणून तळमजल्यावर.”

लिफ्टची वाट न बघता मी जिना उतरत सुटले.