खंडेनवमीचा ओपनर

मुलांनो, समजा, तुम्ही दहा वर्षांच्या वनजाशेजारी मांडी घालून बसला आहात. समोर पाट आहे. पाटावर लाल कापड आणि त्यावर एक जुनी तलवार. वनजाच्या खापरपणजोबांनी ती म्हैसूरच्या घोडदळात असताना कमरेला लावली होती. तिच्या बाजूला विळी, सुऱ्या, कात्री, नट आवळायचे पाने, हातोडी. दारातल्या स्कूटरलासुद्धा झेंडूची माळ घातलेली आहे.

आज खंडेनवमी. पाटावर ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्यालाच उचलायचं, असा म्हैसुरातल्या जयलक्ष्मीपुरमच्या त्या घरातला नेम. म्हणून भाजी पहाटेच चिरून ठेवली होती.

तलवार शंभूरावांच्या ताब्यात असे. ते वनजाच्या आजोबांचे थोरले चुलतभाऊ. दर वर्षी तलवार पुसताना ते एकच चेष्टा करीत. आजही केली.

“जगन्ना, तुझं हत्यार कुठं आहे रे? का तांदळाचं पोतं ठेवू पाटावर?”

जमलेली तीस-चाळीस माणसं हसली. आजोबाही हसले. मेजर जगन्नाथराव अठ्ठावीस वर्षं सैन्यात होते, पण रसदखात्यात. गोळी त्यांनी सरावापुरतीच झाडली होती. पीठ, डाळ, रॉकेल आणि लोकरी मोजे बर्फातल्या चौक्यांपर्यंत पोचवायचे, हे त्यांचं काम.

वनजाला मात्र हसू आलं नाही. ती आजोबांजवळ सरकली.

“अज्जा, तुमचं काहीच नाही होय पाटावर ठेवायला?”

आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून डबे उघडायचा छोटा ओपनर काढला. तो त्यांच्या खिशात कायम असे. देवळात जातानाही असे. का, ते वनजानं कधी विचारलं नव्हतं.

“बासष्टच्या लढाईनंतरचं सांगतो,” ते हळूच म्हणाले. “वरच्या एका चौकीला मी हिवाळ्याची रसद पाठवली. सगळे बंद डबे. यादी तीनदा वाचलेली. बर्फ पडून गाड्या बंद झाल्या, आणि वायरलेसवर निरोप आला, डबे पोचले, उघडायला काही नाही.”

“अय्यो. मग?”

“संगिनीनं उघडायला लागले. एका जवानाचा अंगठा चिरला. थंडीत जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. शत्रूची गोळी नाही, काही नाही. माझ्या यादीनं गेला.”

“तुम्हाला रागावले?”

“रागावायच्या आधीच मी लिहून दिलं, चूक माझी. आणि दोन माणसं घेऊन चालत वर गेलो. चार दिवस लागले. खिशात सहा ओपनर होते. त्यातला हा एक.”

वनजानं ओपनर घेतला, त्याला कुंकू लावलं आणि तलवारीच्या अगदी शेजारी ठेवला.

“हे काय गं?” शंभूराव म्हणाले.

“अज्जांचं हत्यार.”

शंभूरावांनी निरांजन पेटवलं. आरती झाली. वनजा मात्र तलवारीकडे न बघता ओपनरकडेच बघत होती.

दुपारी पानं मांडली आणि आतून आजीचा, सुमित्राबाईंचा आवाज आला. “दूध नासलं की हो. पायस कशाचं करू?”

पायसावाचून कुणाचं अडलं नसतं, एका गिरिजाबाईंशिवाय. नात्यातल्या या नव्वदीच्या आजींना एकही दात नव्हता. पंगतीत त्या पायसच तेवढं जेवत. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, आणि त्या हात धुऊन पानावर बसल्याही होत्या.

सुमित्राबाईंना आठवलं. लष्करी कँटीनमधून आणलेले आटवलेल्या दुधाचे दोन डबे फडताळात होते. पण उघडायचे कशानं? सुरी पाटावर, कात्री पाटावर, ओपनर पाटावर. दुकानं बंद. शेजाऱ्यांकडेही हीच पूजा.

वनजा पाटाकडे वळली.

“बेड, बेड,” शंभूरावांनी हात आडवा धरला. “नको. हत्यार म्हणून ठेवलंस ना? मग हत्याराचा नेम पाळायचा. आज उचललंस तर पुन्हा त्याला तलवारीशेजारी जागा नाही. आत्ताच सांगून ठेवतो.”

वनजानं आजोबांकडे पाहिलं. ते नेहमीसारखे भिंतीशी उभे होते. हाताखालची माणसं जेवल्याशिवाय अधिकाऱ्यानं जेवायचं नसतं, ही त्यांची फौजेतली सवय. घरातही ते शेवटच्या पंगतीलाच बसत. त्यांनी उचल म्हटलं नाही, ठेव म्हटलं नाही. त्यांचा हात तेवढा सवयीनं खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला.

पानावर बसलेल्या गिरिजाबाई शेजारणीला विचारत होत्या, “पायसाला अजून वेळ आहे का गं?”

वनजानं पाटाला नमस्कार केला, शंभूरावांच्या हाताखालून वाकून ओपनर उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. पहिला डबा तिला जमेना, कडा वेडीवाकडी फाटली. दुसरा नीट उघडला.

पायस झाल्यावर तिनं ओपनर धुतला. सकाळचं कुंकू पाण्याबरोबर वाहून गेलं. बाहेर येऊन तिनं पाट पाहिला. तलवारीशेजारी लाल कापडावर बोटभर जागा रिकामी होती. तिकडे न जाता तिनं ओपनर आपल्या फ्रॉकच्या खिशात टाकला.

“ये बाळा, तुझं पान मांडलंय,” आजी म्हणाली.

“सगळ्यांचं होऊ दे, अज्जी. मी अज्जांच्या बरोबर बसते,” वनजा म्हणाली. तिनं पायसाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, आणि गिरिजाबाईंच्या पानापासून वाढायला सुरुवात केली.