जास्तीचा एक पाटा

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. एवढी जुनी की माझा मूळचा रंग हिरवा होता की मातकट, यावर आमच्या गल्लीतल्या दोघांचंही एकमत व्हायचं नाही. गोंडपिपरीच्या टोकाला, एका मोहाच्या झाडाखाली माझी जागा आहे. येणारेजाणारे माझ्या मडगार्डला टेकून तंबाखू मळतात आणि निघून जातात. माझ्याशी बोलत कुणीच नाही. म्हणून आज तुम्ही सापडलात तर मी तुम्हाला काही लवकर सोडणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यातला. तिथला खडखडाट तेवढा आठवतो. माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेत उभ्या होत्या. मला एका जंगल ठेकेदारानं विकत घेतलं आणि मी थेट चांद्याच्या जंगलात आले. त्या रांगेतल्या एकीशीही पुन्हा गाठ पडली नाही.

ठेकेदाराकडे माझे हाल कुत्रा खाईना. बांबू, सागाचे दांडके, मजूर, त्यांची पोरं, कोंबड्या, सगळं माझ्याच पाठीवर. पण मी डगमगले नाही, कारण माझे पाटे भक्कम होते. पाटे म्हणजे काय, ते सांगते. चाकं आणि माझं अंग यांच्या मधे पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात. खड्डा आला की त्या दबतात आणि परत वर येतात. म्हणून आत बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलत नाही. लोक माझ्या इंजिनाचं कौतुक करतात, हॉर्नचं करतात. पाट्यांकडे वाकून कोण बघतं?

एक माणूस बघायचा. माझा ड्रायव्हर, देवराव. रोज संध्याकाळी माझ्या खाली शिरून तो पाट्यांतला चिखल खरवडायचा. पुढे ठेकेदाराचं काम संपलं आणि त्यानं मला देवरावलाच विकून टाकलं. मला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता! देवरावची बायको अंजनाबाई मला घासूनपुसून लख्ख ठेवायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत माझ्या अंगावर निळ्या पताका लागायच्या आणि मी सगळ्यांच्या पुढे चालायचे. त्यांची एकुलती एक लेक सत्यशीला माझ्या बॉनेटवर बसून "जयभीम!" म्हणून ओरडायची. तेव्हा मी सुखात होते. तेव्हा आपण सुखात आहोत हे कळत नाही, एवढंच.

सत्यशीलाचं लग्न झालं आणि ती वडशाला सासरी गेली. पुढच्याच पावसाळ्यात अंजनाबाईला हिवताप झाला. देवरावनं तिला माझ्यातूनच चांद्याच्या दवाखान्यात नेलं. ती तिथून परत आली नाही. परतीच्या वाटेवर देवरावनं एकही खड्डा चुकवला नाही. समोर दिसत असूनही नाही. त्यातल्या एका खड्ड्यात माझ्या मागच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा कडकन मोडला. तशीच लंगडत मी घरी आले. त्यानं मला मोहाखाली उभं केलं आणि किल्ली खिळ्याला टांगून ठेवली.

मग सुरू झालं आमचं दोघांचं एकटेपण. तो ओसरीवर, मी झाडाखाली. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. त्यांची तरी सोबत, असं म्हणायची पाळी आली माझ्यावर. शेजारच्या ठमाबाईनं सुरुवातीचे दिवस त्याला जेवणाचं ताट आणून दिलं. तिची नि अंजनाबाईची जिवाभावाची मैत्री होती. एकदा देवराव तिच्या अंगावर खेकसला, "मले कोनाची दया नोको. ने ते ताट!" बिचारी भरलं ताट तसंच घेऊन गेली. त्यानंतर ती आली नाही आणि गल्लीतलं दुसरंही कुणी आलं नाही. माणूस दार लावून घेतो, तेव्हा दार वाजवणारे हळूहळू कमी होतात. मी झाडाखालून सगळं बघत होते.

धान कापणी उरकली आणि वडशाकडून ट्रक घेऊन येणारा वारलू आमच्या दारात थांबला. "देवरावभाऊ, तुमची पोट्टी भेटली होती. दिवस भरत आले म्हने तिचे. म्हनाली, बाबाले सांगजा, मले न्यायले या."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. पण आई नसलेलं माहेर ते कसलं माहेर, असं समजून देवराव आजवर गप्प राहिला होता. आता लेकीनंच बोलावलं! तो उठला, माझ्याजवळ आला, सीटवरच्या कोंबडीला हाकललं आणि खाली वाकून मोडक्या पाट्याकडे बघितलं. "चाल व माय," तो मला म्हणाला. "पोरीले आनाचं हाय." कितीतरी महिन्यांनी कुणी माझ्याशी बोललं होतं. मला आसवं असती तर मी रडले असते.

चांद्याहून त्यानं मागच्या दोन्ही बाजूंचे नवे पाटे आणले. गावात मिस्त्री होता, पण देवरावला कुणाच्या दारात जायचं नव्हतं. त्यानं घरीच काम काढलं. पुढच्या चाकांना दगड अडकवले, मागून जॅकनं मला उचललं आणि चेसिसखाली सागाचे ओंडके सरकवले. चाकं काढली. पाटे ज्या बोल्टांनी ॲक्सलला आवळलेले असतात, ते गंजून एकजीव झाले होते. त्यांच्यावर रॉकेल ओतून त्यानं ते रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी हातोडा घेऊन बसला. घण घण घण! अख्ख्या गल्लीला कळलं असेल.

नवा पाटा बसवताना एकानं धरायचं असतं आणि दुसऱ्यानं बोल्ट ओवायचा असतो. देवराव उताणा पडून पाटा पायानं उचलून धरी आणि हातानं बोल्ट शोधी. पाटा निसटे. पुन्हा तेच. कुंपणापलीकडे ठमाबाई धान वाळत घालत होती. तिला राहवलं नाही.

"भाऊ, कोनी धराले पायजे काय?"

"नाई पायजे," देवराव माझ्या खालून म्हणाला.

ती पुन्हा धानाकडे वळली. तिसऱ्या प्रहरी एकदाचे पाटे बसले. देवरावनं मला जमिनीवर टेकवलं, माझं वजन चाकांवर आलं आणि मग शेवटचे नट आवळले. हीच पद्धत. अधांतरी गाडीचे नट आवळले तर पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश पिळवटून जातात. काम त्यानं चोख केलं होतं, एक गोष्ट सोडून. आयुष्यभर बांबू वाहिलेला माणूस तो. पाटे म्हटलं की आमच्या जंगलपट्टीतला ड्रायव्हर एक पाटा जास्तीचा मागतोच. देवरावनंही दोन्ही बाजूंना एकेक पाटा जास्तीचा चढवला होता. "आता बापजन्मात मोडनार नाई," असं म्हणत त्यानं माझ्या मडगार्डवर थाप मारली.

मग त्यानं मला बाजारापर्यंत फिरवलं. अरे बापा! असे पाटे ओझ्यासाठी असतात. ओझं नसलं की ते दबत नाहीत, आणि दबले नाहीत की खड्डा जसाच्या तसा आत येतो. साध्या दगडावरून चाक गेलं आणि देवरावचं डोकं वर टपाच्या दांडीला आपटलं. तो थांबला. डोकं चोळत तसाच बसून राहिला. भरल्या पोटाची लेक या गाडीत कशी बसणार?

पाटे पुन्हा काढायचं त्राण त्याच्यात नव्हतं. पण त्याला तोड सुचली. घरातली धानाची पोती त्यानं माझ्या मागच्या भागात भरली. त्या वजनानं पाटे दबले आणि माझी चाल मऊ झाली. मलासुद्धा वाटलं, वा रे पठ्ठ्या!

दुसऱ्या दिवशी आम्ही वडशाला गेलो. गावात नाटकांचा हंगाम होता. चौकाचौकात रंगीत फलक लागले होते. देवरावनं धुतलेलं धोतर नेसलं होतं. सत्यशीलाचं गाठोडं दारात बांधून तयारच होतं. तिनं बापाला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तिची सासू बायनाबाई मात्र आधी माझ्याकडे आली. तिनं आत डोकावून बघितलं.

"जयभीम, इवाई," ती व्याह्याला म्हणाली. "संग कोन हाय?"

"कोनी नाई. मीच."

"हे काय भरलं मंग?"

"धान हाय. गाडी आपटू नये म्हनून."

बायनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "धानाची पोती आनली बापा, अन् एक बाई नाई आनली?"

देवराव पोत्यांवरची धूळ झटकू लागला.

"मी काई वाईट बोलून नाई राह्यली," ती जरा मवाळ होऊन म्हणाली. "पन वाटेत पोरीच्या पोटात दुखलं तं कोन पायनार? तुमी? घरी तरी कोन हाय? बाळंतिणीले न्यायले कोनी पोती घेऊन येते काय?"

"मी जाईन ना आई," सत्यशीला दारातून म्हणाली.

"तू गप रायजो. बाई आना इवाई, मी हसत धाडतो. अशी नाई धाडत."

खरं सांगू? तिचं काहीच चुकत नव्हतं. देवरावनं मान खाली घातली आणि मला वळवलं. सत्यशीला गाठोड्यावर बसून रडत होती. तिच्याकडे मागे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. वाटेत मूलच्या अलीकडे त्यानं मला कडेला उभं केलं, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. अंजनाबाई गेली तेव्हाही तो एवढा रडला नव्हता. माझी चाल मऊ होती, पण त्याचा काय उपयोग?

घरी आल्यावर त्यानं एकेक पोतं उतरवलं. मग हातपाय धुतले आणि कुंपणाला वळसा घालून ठमाबाईच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत नाही गेला. उभाच.

"ठमाबाई," तो म्हणाला, "माह्या गाडीत बसाले याल काय?"

ती चुलीपासून उठली. "कुठी?"

"वडशाले. सत्यशीलाले आनाचं हाय. बाई पायजे संग. मी तुमचं ताट वापस केलं होतं. तोंड नाई मले बोलाले."

ठमाबाई कडाडलीच. "मंग काऊन आले? आँ? अंजनाची पोर काय फक्त तुमचीच हाय? तिचे दिवस भरले अन् मले आज सांगून राह्यले!" असं म्हणता म्हणता ती डोळे पुसू लागली. "एकटी नाई येत मी. पलीकडच्या भागीरथाबाईलेही घेतो अन् सुईणीलेही घेतो. मागं जागा हाय ना?"

"लय जागा हाय," देवराव म्हणाला.

मित्रांनो, तो प्रवास मी विसरणार नाही. माझ्या मागच्या बाकांवर तिघी बाया, त्यांची बोचकी, डिंकाचे लाडू, आणि तोंडाचा असा पट्टा सुरू की माझ्या इंजिनाचा आवाज मलाच ऐकू येईना. पाटे दबून गेले होते. बायनाबाईनं तिघींना बघितलं आणि हसत सुनेची ओटी भरली. येताना सत्यशीला ठमाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सगळी वाट झोपली. देवराव एकेक खड्डा चुकवत होता.

माहेरी तिला मुलगी झाली. घरात पाळणा हलला, चूल दोन वेळ पेटली, लोक येऊ लागले. मला वाटलं, संपलं आता आमचं एकटेपण.

असं ते संपत नसतं. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत सत्यशीला लेकीला घेऊन सासरी निघाली. देवरावनं दोघींना वडशाला पोचवलं, नातीच्या तळपायाचा मुका घेतला आणि तो माझ्यात येऊन बसला. गाव मागे पडलं. आता मागे कुणीच नव्हतं. पाटे पुन्हा ताठ झाले आणि मी उसळू लागले. धाड! धाड! रस्ता तोच होता, खड्डेही तेच. फक्त आम्ही दोघंच उरलो होतो.

एका फाट्यावर एसटीची वाट बघत काही माणसं उन्हात उभी होती. एक म्हातारा, दोन बाया, कडेवर पोर. ओळखीचं कुणी नाही. देवराव पुढे निघून गेला. मग त्यानं ब्रेक दाबला आणि मला तेवढंच मागे आणलं.

"कुठी जाता?"

"मूलले," म्हातारा म्हणाला. "तुमी काऊन थांबले, बापा?"

देवरावनं मागचं फळकूट स्वतः उतरून पाडलं.

"बसा," तो म्हणाला. "रिकामी गाडी भल्ली आपटते. बसा ना कोनी."

मित्रांनो, गाडीची निगा राखा. पाट्यांतला चिखल खरवडा, नट तपासा, ग्रीस भरा. ते सगळं हातांनी होतं. पण तुमच्या गल्लीत एखादी गाडी उभीच असेल, एखादं दार लागलेलंच असेल, तर तिथे जा आणि जरा बसा. आतला माणूस "नाई पायजे" म्हणेल. तरी बसा.